खाद्यमहोत्सवात काय मिळणार, हे स्टॉलचे भाडे ठरवते

महोदय,

दिवाळी सरून हवेत जरासा गारवा आला की मुंबईत खाद्यमहोत्सवांचा हंगाम सुरू होतो आणि तो थेट होळीपर्यंत चालतो. फेब्रुवारीच्या सुमारास फोर्टमध्ये भरणाऱ्या काळा घोडा कला महोत्सवातले खाण्याचे स्टॉल, वेसाव्याच्या कोळीवाड्यातला सी-फूड महोत्सव, वांद्रे-कुर्ला संकुलातील मैदानावरचे बचतगटांचे महालक्ष्मी सरस प्रदर्शन, उपनगरांतले मालवणी जत्रोत्सव आणि आता दर शनिवार-रविवारी कुठल्या ना कुठल्या मैदानात, मॉलच्या गच्चीवर किंवा जुन्या गिरणीच्या आवारात दोन दिवसांपुरते उभे राहणारे ‘पॉप-अप’, अशी ही यादी वर्षागणिक वाढतच चालली आहे. मी विलेपार्ल्यात राहणारी निवृत्त शिक्षिका आहे. माझी नणंद आणि मी गेली अठरा वर्षे या महोत्सवांना नेमाने जात आलो आहोत, आणि कुठे काय खाल्ले, त्याला किती पैसे पडले व ते कोणी रांधले होते, याची नोंद मी एका वहीत ठेवत आले आहे. ती वही चाळताना एक गोष्ट मला दिवसेंदिवस अधिक खटकू लागली आहे आणि ती आपल्या वाचकांपुढे व ज्यांच्या हाती मैदानांच्या परवानग्या आहेत त्या अधिकाऱ्यांपुढे मांडावी, एवढ्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

गेल्या हिवाळ्यात बचतगटांच्या एका प्रदर्शनात जळगाव जिल्ह्यातून आलेल्या दोन बायकांच्या स्टॉलपाशी मी जवळजवळ तासभर उभी होते. माझे माहेर भुसावळचे, त्यामुळे उपडे घातलेले मातीचे खापर दुरूनच दिसले आणि पाय आपोआप तिकडे वळले. आमच्याकडे आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरसाबरोबर असे खापरावरचे पुरणाचे मांडे होतात. त्यासाठी गहू ओलावून दळून आणायचे, ते पीठ वस्त्रगाळ करायचे आणि मग पाणी व तेलाचा हात लावत इतके तिंबायचे की उचलले तर तुटू नये, नुसते लोंबत राहावे. दोघींपैकी वयाने मोठ्या असलेल्या मावशींनी दोन पाऱ्यांमध्ये पुरणाचा गोळा भरला, कडा बोटांनी दाबून बंद केल्या आणि तो तळहातावर घेऊन एका हातावरून दुसऱ्या हातावर असा खेळवत नेला की बघता बघता तो मनगटापर्यंत, मग कोपरापर्यंत पसरला. त्यांच्या हातावरची हिरवी गोंदणे त्या पातळ पारीतून दिसत होती. मग एका झटक्यात तो मांडा खापरावर पडला, त्याला फुगे आले, आणि धाकटीने तो उलटून, तुपाचा हात फिरवून, रुमालासारखी घडी घालून माझ्या हातात दिला. या एका मांड्याला तीन मिनिटे लागली. मी घड्याळ लावून पाहिले.

खाता खाता मी त्यांना विचारले, की शहरात एवढे महोत्सव भरतात, तिथे तुम्ही कधी दिसत नाही. तेव्हा त्यांनी सांगितले, की आदल्या वर्षी त्या एका खासगी, तिकीट लावलेल्या महोत्सवात आल्या होत्या आणि पुन्हा जायचे नाही, असे ठरवून परतल्या. तिथे तीन दिवसांचे भाडे चाळीस हजार रुपये होते आणि त्याखेरीज विक्रीचा पाचवा हिस्सा आयोजकांना द्यायचा होता. मी घरी आल्यावर त्यांच्याच आकड्यांवरून हिशेब मांडला. एक मांडा १२० रुपयांना विकला, तर त्यातले २४ रुपये आयोजकांना जातात. गहू, डाळ, गूळ, तूप आणि गॅस मिळून ४० रुपये खर्च धरला, तर हातात ५६ रुपये उरतात. म्हणजे केवळ भाड्याची तोंडमिळवणी करायची, तरी सातशेहून अधिक मांडे विकले पाहिजेत. एका खापरावर तासाला वीस याप्रमाणे, मध्ये पाण्याचा घोटही न घेता रोज आठ तास केले, तरी तीन दिवसांत ४८० मांडे होतात. यात जळगावहून येण्याजाण्याचे भाडे नाही, राहण्याचा खर्च नाही आणि त्या दोघींची मजुरी तर नाहीच नाही. गिऱ्हाईक कितीही आले, रांग मैदानाच्या फाटकापर्यंत गेली, तरी हा धंदा तोट्यातच जाणार होता, कारण तो तोटा भाडे ठरले त्या दिवशीच ठरलेला होता.

माझे म्हणणे एवढेच आहे, की महोत्सवात काय खायला मिळणार हे आयोजकाची आवडनिवड ठरवत नाही आणि आपली, खाणाऱ्यांची, आवडनिवडही ठरवत नाही. ते स्टॉलचे भाडे ठरवते. चाळीस हजारांचे भाडे फक्त तोच पदार्थ देऊ शकतो, जो कारखान्यातून गोठवलेला येतो, ज्याला अर्ध्या मिनिटात उकळत्या तेलात सोडून काढता येते आणि ज्याच्यासाठी रोजंदारीवर कोणालाही उभे करता येते. ज्या पदार्थात वेळ आणि हात लागतात, तो त्या मैदानाच्या दारातच अडतो. गेल्या जानेवारीत पश्चिम उपनगरातल्या एका मोठ्या महोत्सवात मी सगळ्या रांगा फिरून मोजले. अडतीस स्टॉलपैकी अकरांवर मोमो होते आणि नऊ ठिकाणी बटाट्याच्या तळलेल्या फोडींवर चीज घालून मिळत होते. जाहिरातीत मात्र ‘अस्सल महाराष्ट्राची चव’ असे शब्द होते आणि त्याखाली पोपटीच्या मडक्याचे चित्र होते. अलिबाग-पेणकडे थंडीत शेतात पोपटी लावतात, ती ज्यांनी खाल्ली आहे त्यांना ठाऊक असेल, की भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी असे सगळे मडक्यात भरून, मडके उपडे घालून, भोवती जाळ करून ती शिजवावी लागते. तो पाला नाही, तो जाळ नाही, तर पोपटी नाही. त्या मैदानात ती कुठेच नव्हती. मोमो खाणाऱ्यांवर माझा राग नाही, माझा नातूही ते आवडीने खातो. पण ते आमच्या गल्लीच्या कोपऱ्यावर रोज मिळतात, त्यासाठी वर्षातून एकदा मैदान द्यावे आणि माणशी चारशे रुपये प्रवेश घ्यावा, याला काही अर्थ असायला हवा.

त्याच महोत्सवात आत शिरताना मनगटाला एक पट्टा बांधला गेला आणि त्यात आधीच पैसे भरावे लागले, कारण कोणत्याही स्टॉलवर रोख किंवा मोबाइलवरून पैसे घेण्याची मुभा नव्हती. आम्ही दोघींनी हजार रुपये भरले. निघताना १८० रुपये शिल्लक होते, ते परत मिळत नाहीत असे सांगण्यात आले. रक्कम मोठी नाही, पण माझ्यापुढे रांगेत एक रिक्षाचालक दोन मुलांना घेऊन उभे होते आणि त्यांचेही साठ रुपये तसेच गेले. स्टॉलवाल्यांची बाजू याहून अवघड आहे. तिथल्या एका विक्रेत्याने मला सांगितले, की दिवसभराची विक्री आधी आयोजकांच्या खात्यात जाते आणि कापून उरलेले पैसे त्यांना महिन्याभराने मिळतात. ज्या बाईला उद्या सकाळी बाजारातून नारळ आणि कोथिंबीर आणायची आहे, तिने महिनाभर वाट कशी पाहावी?

दोन दिवसांपुरती उभी राहणारी खाण्याची दुकाने या शहराला नवी नाहीत. सप्टेंबरात वांद्र्याच्या माउंट मेरीची जत्रा आणि डिसेंबरात माहीमचा उरूस पिढ्यान्‌पिढ्या भरत आले आहेत आणि तिथे जाणाऱ्याला काय मिळणार हे आधीच माहीत असते, कारण तिथले खाणे त्या दिवसाशी आणि त्या जागेशी बांधलेले आहे. कोकणातल्या जत्रेतून घरी येणाऱ्याच्या पिशवीत आले-गुळाचे खाजे असणारच. कोळीवाड्यातल्या महोत्सवात मला हीच गोष्ट दिसते. वेसाव्यात स्टॉलच्या मागे उभ्या असलेल्या बायका त्याच वस्तीतल्या असतात, मसाला त्यांच्या घरात कुटलेला असतो आणि समोर ठेवलेला मासा कुठून आला, हे त्यांना विचारावे लागत नाही, त्या आपण होऊन सांगतात. ओला बोंबील चिरून, पोटातून उघडून, पाट्याखाली दाबून त्यातले पाणी काढल्याशिवाय तो तव्यावर कुरकुरीत होत नाही, हे मी तिथेच एका आजींकडून शिकले. पाट्यावर वरवंटा ठेवत त्या म्हणाल्या, ‘घाई करू नको गं, त्याला आधी रडू दे.’ तेव्हापासून आमच्या घरातला बोंबील कधी मऊ पडलेला नाही.

रांधणारा माणूस समोर असणे हे केवळ हौसेचे नाही, त्याला व्यवहाराची बाजू आहे, आणि ती मला एका वाईट अनुभवातून कळली. दोन वर्षांपूर्वी जूनमध्ये एका उपाहारगृहाने रानभाज्यांचे ‘पॉप-अप’ जेवण ठेवले होते. माणशी १,८०० रुपये होते, मांडणी सुंदर होती, प्रत्येक ताटाबरोबर भाजीची माहिती छापलेला कागद होता. शेवळाची भाजी पहिल्याच घासाला घशात खवखवू लागली आणि आमच्या टेबलावरच्या सहाही जणांना तसाच त्रास झाला. शेवळाला खाज असते, ती मारण्यासाठी त्यात काकडे, म्हणजे काकड नावाच्या झाडाची आंबट फळे, घालावी लागतात. पहिल्या पावसानंतर पार्ल्याच्या बाजारात वाडा-शहापूरकडून येणाऱ्या आदिवासी बायका शेवळाच्या जुडीबरोबर काकडांचा वाटाही देतात आणि नव्या गिऱ्हाइकाला ते कसे घालायचे हेही बजावतात. त्या जेवणाच्या कागदावर शेवळाचे शास्त्रीय नाव छापलेले होते, पण काकडांचा उल्लेख नव्हता, आणि भाजी करणाऱ्या तरुणाने ती आयुष्यात पहिल्यांदाच केली होती, असे त्याने प्रामाणिकपणे कबूल केले. त्या १,८०० रुपयांतून शहापूरच्या एखाद्या बाईला दिवसाची मजुरी देऊन स्वयंपाकघरात बोलावता आले असते.

हंगामाच्या बाबतीतही हेच घडते. आपल्या किनाऱ्यावर जून आणि जुलैमध्ये यांत्रिक नौकांना मासेमारीबंदी असते, कारण तो माशांच्या विणीचा काळ आहे आणि समुद्रही खवळलेला असतो. तरीही भर जुलैत ‘ताजी सुरमई, ताजे पापलेट’ अशा पाट्या लावलेला महोत्सव मी पाहिला आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांतल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण आंबा महोत्सवात पेटीवर ‘देवगड’ लिहिलेला आंबा खरोखर देवगडचा आहे का, हे विचारले तर विक्रेते नजर चुकवतात असा अनुभव अनेकांना असेल. गोठवलेला मासा विकायला हरकत नाही, शेजारच्या राज्यातला आंबाही चांगला असू शकतो. पाटीवर तसे लिहावे, म्हणजे जो अस्सल माल घेऊन लांबून आला आहे त्याच्यावर अन्याय होणार नाही.

मुंबईतल्या जुन्या समाजांच्या घरगुती जेवणावळींबद्दल मात्र मला चांगलेच लिहायचे आहे. पाठारे प्रभूंचे भानोले, सीकेपी घरातले वालाचे बिरडे आणि निनाव, मुंबईतल्या मूळच्या ख्रिस्ती, म्हणजे ईस्ट इंडियन, कुटुंबांचा बॉटल मसाला आणि फुग्या, हे पदार्थ हॉटेलांत सहसा मिळत नाहीत आणि घराबाहेरच्यांना ते चाखण्याची संधी अशा पॉप-अप जेवणांनीच दिली. गिरगावातल्या एका घरी दहा अनोळखी माणसांबरोबर बसून खाल्लेले कोळंबीचे भानोले मी विसरणार नाही. त्या घरच्या काकू प्रत्येकाच्या पानाकडे लक्ष ठेवून होत्या आणि कोणी नको म्हणाले तरी एक वडी वाढत होत्या. तिथे भाडे नव्हते, मंडप नव्हता, निवेदक नव्हता. पैसे दिले ते ताटाचे आणि ते काकूंच्याच हातात पडले. अडचण एवढीच, की अशी जेवणे ओळखीच्या वर्तुळात भरून जातात आणि सामान्य वाचकाला त्यांचा पत्ता लागत नाही.

आयोजकांना खर्च असतो, हे मला मान्य आहे. मैदानाचे भाडे, मंडप, वीज, अग्निशमन दल आणि पोलिसांच्या परवानग्या, सुरक्षारक्षक, स्वच्छता यांतले काहीच फुकट होत नाही. परंतु यांतल्या बऱ्याच महोत्सवांत सर्वांत मोठा गाजावाजा रात्रीच्या गायकांचा असतो, आणि त्या गाण्याचा भार भाकरी थापणारीने का उचलावा, याचे उत्तर मला सापडलेले नाही. शिवाय यांतली अनेक मैदाने महापालिकेची किंवा अन्य सार्वजनिक संस्थांची, म्हणजे आपणा सर्वांची असतात. ती देताना ध्वनिमर्यादेची अट घालता येते, तशी खाण्याबाबतही अट घालता यायला हवी. खाद्यमहोत्सव म्हणून सार्वजनिक मैदान मागितले असेल, तर निदान चौथा हिस्सा स्टॉल ठरावीक भाड्याविना, केवळ विक्रीतल्या हिश्श्यावर द्यावेत आणि ते बचतगट, कोळीवाड्यातल्या महिला, आदिवासी गट आणि घरगुती स्वयंपाक करणाऱ्यांसाठी राखावेत. मांडे कमी विकले गेले तर आयोजकांचा हिस्सा कमी आणि जास्त विकले गेले तर जास्त, यात कोणाचेच नुकसान नाही. बाकीच्या स्टॉलचे भाडे किती, हे परवानगीच्या कागदासोबत जाहीर करावे. अर्ज मराठीत आणि कागदावरही करता यावा, कारण त्या जळगावच्या मावशींचा पहिला महोत्सव शेजारच्या मुलाने मोबाइलवर इंग्रजी अर्ज भरून दिला म्हणून झाला होता, आणि त्यातल्या अटी त्यांना कोणी वाचून दाखवल्याच नव्हत्या.

छोट्या ताटलीचाही विचार व्हावा. महोत्सवाला जाणाऱ्याला आठ-दहा चवी घ्यायच्या असतात, पण १५० किंवा २०० रुपयांच्या मोठ्या प्लेटी घेतल्या की दोन पदार्थांतच पोट भरते आणि खिसाही रिकामा होतो. भरिताचा एक डाव आणि कळण्याची चतकोर भाकरी ४० रुपयांना मिळाली, तर गिऱ्हाईकही पुढच्या स्टॉलवर जाईल आणि उरलेले अन्न कचऱ्यात जाणार नाही. कचऱ्याचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते, की शंभरहून अधिक माणसांच्या कार्यक्रमात कचरा जागेवरच वेगळा करण्याचे बंधन २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी आयोजकांवर घातले होते, आणि तरीही रात्री दहानंतर मैदानात पाहिले तर उष्टे अन्न, पाण्याच्या बाटल्या आणि कागदी वाट्या एकाच ढिगात पडलेल्या दिसतात. त्या ढिगाशी सकाळी हाताने झगडणारे सफाई कर्मचारी महोत्सवाच्या कोणत्याच छायाचित्रात नसतात. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि हात धुण्याची जागा या तर इतक्या साध्या गोष्टी आहेत, की त्या मागाव्या लागतात याचेच वाईट वाटते. प्रवेशमूल्य देऊन आत गेलेल्या माणसाला वीस रुपयांच्या बाटलीशिवाय पाणी मिळू नये, हे ठीक नाही.

अन्नसुरक्षेच्या नावाखाली या लहान विक्रेत्यांना दूर ठेवू नये, अशीही विनंती आहे. नियम सर्वांना सारखेच असावेत, याबद्दल दुमत नाही. मी भेटले त्यांपैकी बहुतेक बचतगटांच्या बायका आपले नोंदणीचे प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून स्टॉलवर समोरच टांगून ठेवतात, डोक्याला रुमाल बांधतात आणि त्यांचे हात मोठ्या स्टॉलवरच्या मुलांपेक्षा अधिक स्वच्छ असतात. ज्यांच्याकडे नोंदणी नसेल, त्यांच्यासाठी महोत्सवाच्या आठ दिवस आधी संबंधित कार्यालयाने एक टेबल लावून ती करून द्यावी. चुलीचा प्रश्न जरा अवघड आहे. गर्दीच्या मैदानात लाकडे पेटवू देत नाहीत, हे योग्यच आहे, आणि जळगावच्या मावशींनी गॅसच्या शेगडीवर खापर बसवण्यासाठी गावच्या लोहाराकडून लोखंडी कडे घडवून आणले होते. पण मैदानाच्या एका कोपऱ्यात, वाळूच्या बादल्या आणि अग्निशमन दलाचा एक माणूस ठेवून, पोपटीसाठी आणि चुलीवरच्या भाकरीसाठी वेगळा पट्टा राखता येईल का, हे तज्ज्ञांनी तपासून पाहावे.

शेवटी आपल्या दैनिकाकडे एक मागणे आहे. आपल्या मुंबई पुरवणीत दर शुक्रवारी शनिवार-रविवारच्या कार्यक्रमांची यादी येते आणि तीत महोत्सवाचे नाव, ठिकाण व वेळ छापलेली असते. त्याच ओळीत प्रवेशमूल्य किती, रोख किंवा मोबाइलवरून थेट विक्रेत्याला पैसे देता येतात का, आणि कोणत्या जिल्ह्यांतून किंवा वस्त्यांमधून रांधणारी माणसे येणार आहेत, एवढे तीन तपशील आयोजकांकडून मागवून छापावेत. यंदाचा हंगाम सुरू झाला आहे, तेव्हा येत्या शुक्रवारपासून हे करता आले तर फार बरे होईल.

आपली नम्र,
एक नियमित वाचक,
विलेपार्ले (पूर्व), मुंबई